बॉडी शॉर्ट

बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घेतो
आणि थांबतो.
पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धा.
एखादा काही सांगायला तोंड उघडतो
आणि 'जाऊ दे' म्हणतो, तसं.

रात्रीचा दीड. उत्तमनगर, सिडको.
चैताली फरशीवर मांडी घालून,
भोवती तिची आठ महिन्यांची खरेदी:
प्रोसेसर दिवाळीत आला, तो होळीपर्यंत
कपाटात तिच्या आईच्या शालूखाली झोपून होता.
रॅम कॅनडा कॉर्नरवरून, घासाघीस करून,
आणि हा पत्र्याचा डबा
नाशिकरोडचा एक सायबर कॅफे बंद होत होता तिथून,
तीनशे रुपयांत, आतल्या धुळीसकट.

मी अंबडला मोटारी भरतो.
अठ्ठावीस वर्षं तांब्याच्या तारेचे वेढे मोजतोय.
पण ही काळी पाटी मला वाचता येत नाही,
म्हणून टॉर्च धरतो.
हात हलला की ओरडा बसतो.
हाताखालच्या पोरांवर मी ओरडतो
अगदी त्याच सुरात. कुठे ऐकलं हिने?

तिने रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसले,
एक लावली, दुसरी लावली, जागा बदलून पाहिल्या.
नाण्याएवढा सेल काढला.
"पाच मिनिटं थांबा पप्पा, आता हा सगळं विसरेल."
पाच मिनिटं आम्ही दोघं गप्प,
त्याच्या विसरण्याची वाट बघत.

आतून तिची आई,
"नारळ फोडला होता का?"
मग थोड्या वेळाने, "दुकानदाराला परत दे."
मग घोरणं.

सप्लायच्या जाड वेणीतली हिरवी तार
तिने यू-पिनने काळीला जोडली. पंखा गरगरला.
"हा निर्दोष." वहीत त्याच्या नावावर काट.
आमच्या शॉपमध्ये उलटं असतं,
आधी हेल्परला दोषी धरतात, मग मोटार उघडतात.

पावणेचारला तिने सगळं डब्यातून बाहेर काढलं,
पुठ्ठ्याच्या खोक्यावर उघडंच मांडलं,
स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवलं.
फिरला.
पूर्ण फेरा, दुसरा, मग मोजता येईनात.
पडद्यावर पांढरी अक्षरं.
आम्ही हसलो नाही, नजर लागेल म्हणून.
पुन्हा डब्यात बसवलं. नऊ स्क्रू.
अर्धा फेरा.

"माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली
आणि स्क्रूची वाटी पायाने सरकवली.

बाहेर चालतं, आत मरतं.
थांब. हे दुखणं माझ्या ओळखीचं.
टेबलावर छान गुणगुणणारी मोटार
बॉडीत घातली की फ्यूज उडवते,
कुठेतरी तार पत्र्याला टेकलेली असते.
"बॉडी शॉर्ट," मी म्हणालो.
"बोर्डाकडे नको, डब्याकडे बघ."

बोर्डाखाली पितळेचा एक खुंट जास्तीचा.
आधीच्या कुणाच्या तरी बोर्डासाठी लावलेला,
त्यांच्या हिशेबाने बरोबरच लावलेला.
तो बोर्ड भंगारात गेला, कॅफेला कुलूप लागलं,
हा तिथेच, पाय रोवून.
पाच नंबरचा पाना माझ्या पिशवीत होताच.

पावणेसातला पडदा उजळला
आणि त्याने पहिली विचारली ती तारीख.
त्याच्या लेखी अजून सहा वर्षांपूर्वीचं साल चालू,
जानेवारीची एक.
त्याच साली हिने माझा मेगर उघडून बघितला होता.
चौदाची होती. मी थोबाडीत मारली होती.
मेगर तिने जोडूनही ठेवला होता, नीट.
अजून तोच वापरतो.

विंडोज टाकायचं बाकी आहे, म्हणजे आणखी एक रात्र.
बाणाच्या कळीने ती सालं पुढे ढकलत गेली,
एकेक. मिनिटांपाशी थांबली.
"पप्पा, नक्की किती वाजले?"

घड्याळ समोर होतं.
म्हटलं, थांब, कंपनीचा भोंगा होऊ दे.